दाराबाहेरची स्टिक

त्या सोमवारी सकाळी मी शेजारच्या दाराबाहेर टेकवून ठेवलेली हॉकीची स्टिक उचलली आणि त्यांच्या गॅरेजच्या आडोशाला नेऊन ठेवली. घडले ते एवढेच. २०१८ च्या एप्रिलचा दुसरा आठवडा होता, कॅनडातल्या सॅस्कटून शहरात रस्त्याकडेचा बर्फ काळपट होऊन अजून पडून होता आणि रात्री पुन्हा थोडी भुरभुर झाली होती. स्टिकच्या पात्यावर बोटभर हिम बसले होते. लाकडाची वस्तू ओलीत राहू देऊ नये, हे आमच्या मिरजेच्या घरात पाट-पोळपाटापासून मुसळापर्यंत प्रत्येक गोष्टीबाबत ऐकतच मी वाढले, त्यामुळे विचार करण्याआधी हात पुढे झाला. पायऱ्यांवरचा दिवाही भर उजेडात चालू होता. नातू येऊन खेळून गेला असेल आणि स्टिक तशीच टाकून गेला असेल, असे मी धरून चालले. हिम झटकून मी ती छपराखाली उभी करते आहे, तोच दार उघडून शेजारी बाहेर आले. साठी ओलांडलेले, बेताचे बोलणारे गृहस्थ. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसून देणारे. त्यांनी काही न बोलता स्टिक माझ्या हातातून घेतली, दारापाशी नेऊन होती तशीच टेकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू द्या बाहेरच. पोरांना लागली तर."

कोणत्या पोरांना, हे विचारण्याची गरज नव्हती.

बातमी मला ठाऊक होती. शुक्रवार संध्याकाळपासून घरात दुसरा विषय नव्हता. ६ एप्रिलला पाचच्या सुमारास हम्बोल्ट ब्रॉन्कोज या कनिष्ठ गटातल्या आइस हॉकी संघाची बस निपाविनच्या दिशेने चालली होती. निपाविन हॉक्सविरुद्ध उपांत्य फेरीचा सामना होता. टिसडेल मागे टाकून बस ३५ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे जात असताना, ३३५ क्रमांकाच्या रस्त्याने आलेला, पीट मॉस, म्हणजे बागकामाचे वाळके शेवाळ, भरलेला दुहेरी ट्रेलरचा ट्रक थांबण्याच्या खुणेपाशी न थांबता चौकात शिरला. बसमध्ये २९ माणसे होती. त्यांतली १६ गेली आणि १३ जखमी झाली. गेलेल्यांत दहा खेळाडू होते, दोन प्रशिक्षक होते, दुखापतींवर उपचार करणारी तरुणी होती, बसचा चालक होता, रेडिओवर सामन्याचे वर्णन करणारा होता आणि सामन्याची आकडेवारी टिपणारा अठरा वर्षांचा एक मुलगाही होता. हे सगळे मी वाचले होते, ऐकले होते, रविवारी रात्री हम्बोल्टच्या रिंकमध्ये, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानात, झालेली शोकसभा दूरचित्रवाणीवर पाहताना रडलेही होते. तरीही सोमवारी सकाळी दाराबाहेर ठेवलेली स्टिक मला विसरलेली वस्तू वाटली. तोवर देशभर हजारो घरांच्या पायऱ्यांवर अशाच स्टिका उभ्या राहिल्या होत्या आणि रात्रभर दिवे जळत होते. बातमी माझ्यापर्यंत पोहोचली होती, पण ज्यांच्या घरात ती घडली होती त्यांची भाषा पोहोचली नव्हती, आणि ही टोचणी मनातून जाईना.

हम्बोल्ट आमच्यापासून फार लांब नाही. सॅस्कटूनहून पाच क्रमांकाचा महामार्ग पकडला की पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्या वाटेने मी दोनदा गेलेही होते, पण गाडीच्या काचेतून दिसणारे एक गाव यापलीकडे त्याची ओळख नव्हती. धान्याची उंच कोठारे, रेल्वेचा रूळ, चर्चचा मनोरा, आणि मग पुन्हा दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत शेते. २०१६ च्या जनगणनेत तिथली वस्ती सहा हजारांच्याही आत होती. आपल्याकडच्या हिशेबाने हे बाजाराचे एखादे खेडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांनी बेनेडिक्टाइन साधूंच्या पाठबळावर हा मुलूख वसवला. आज आजूबाजूला गहू, कनोला, पोटॅशच्या खाणी आणि शेतीची अवजारे बनवणारे कारखाने आहेत. ग्लेन हॉल हा ख्यातनाम गोलरक्षक याच गावचा. चेहऱ्यावर मुखवटा न चढवता त्याने सलग ५०२ सामने पूर्ण खेळले. हा विक्रम मी प्रथम ऐकला तेव्हा तो मला केवळ एक आकडा वाटला होता. पुढे रिंकच्या काचेला खेटून उभी असताना रबराची ती कडक चकती, म्हणजे पक, बंदुकीच्या गोळीसारखी येऊन माझ्या नाकासमोरच्या काचेवर आदळली, तेव्हा त्या ५०२ सामन्यांत त्या माणसाच्या चेहऱ्याने काय सोसले असेल ते कळले.

ब्रॉन्कोज संघ १९७० सालचा. तो कुणा धनिकाच्या मालकीचा नाही, गावाचा आहे, आणि नफ्यासाठी चालत नाही. तिकिटे, प्रायोजक, गावजेवणे, सोडती अशा मार्गांनी पैसा उभा राहतो आणि कमी पडला की माणसे स्वतः राबतात. ज्या रिंकवर तो खेळतो तिलाही कुणा पुढाऱ्याचे किंवा कंपनीचे नाव नाही. गावातल्या संघांसाठी वर्षानुवर्षे झटलेल्या एल्गर पीटरसन नावाच्या स्वयंसेवकाचे नाव तिला आहे. कनिष्ठ गट म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले. त्यांना पगार मिळत नाही. बहुतेकांना पुढे एखाद्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवायची असते, मोजक्यांच्या डोळ्यांत त्याहून मोठे स्वप्न असते, आणि अनेकांना हेही ठाऊक असते की एकविसावे लागले की स्पर्धेची हॉकी संपली आणि शेती, खाण किंवा कारखाना आपली वाट पाहतो आहे. तरीही ती येतात. उत्तरेकडच्या फ्लिन फ्लॉनपासून अमेरिकेच्या सीमेला टेकलेल्या एस्टेव्हनपर्यंत या लीगचा पसारा आहे. उणे तीस अंशांत, अंधारात, तासन्‌तास बसने जायचे, खेळायचे आणि त्याच रात्री परत निघायचे, हे त्यांचे सहा-सात महिन्यांचे जगणे. २००३ साली या संघाने शार्लटटाउनमध्ये कनिष्ठ 'अ' गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि २००८ मध्ये ते पुन्हा जिंकले. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर अल्बर्टा प्रांताचा कॅमरोज कोडिअॅक्स हा संघ होता. २०१२ मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धाच हम्बोल्टने आपल्या गावी भरवली. सहा हजारांच्या गावाने देशभरातून आलेले संघ उतरवून घ्यायचे म्हणजे काय, हे ज्यांनी गावच्या उरुसात किंवा कुस्तीच्या मैदानात आल्यागेल्याची पंगत उठवली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

पण करंडकांच्या या नोंदींनी माझी टोचणी कमी झाली नाही. ती कमी झाली, किंवा निदान तिला आकार आला, तो बिलेट हा शब्द कळल्यावर.

बाहेरगावाहून आलेले खेळाडू गावातल्या घरांमध्ये राहतात. ज्या कुटुंबाने मुलाला ठेवून घेतले ते त्याचे बिलेट कुटुंब. त्यांना खर्चापोटी थोडीफार रक्कम मिळते, पण वीस वर्षांचा हॉकीपटू किती जेवतो हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या रकमेचा व्यवहाराशी संबंध नाही हे लगेच कळेल. तळघरातली एक खोली त्याची. शीतकपाटातला एक कप्पा त्याचा. घरातली लहान मुले त्याला दादा मानतात, सामना हरून आला की त्याच्याशी काय बोलायचे नाही हे घरच्या बाईला पाठ असते आणि उन्हाळ्यात तो आपल्या गावी गेला की ती खोली आवरताना तिला चुकल्याचुकल्यासारखे होते. हे ऐकताना मला आमच्या पणजोबांची गोष्ट आठवत होती. ते शिकायला मिरजेत आले तेव्हा सात घरी वार लावून जेवत असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि शनिवारच्या घरची माउली उपासाचे म्हणून दोन रताळी पानात जास्त वाढायची. त्या माउलीच्या हातची रताळी त्यांनी नव्वदीपर्यंत सांगितली. तिचे नाव आमच्या घराण्याच्या कुठल्याही कागदावर नाही, पण तिच्यावाचून आमचे घराणे शिकले नसते. ब्रॉन्कोजच्या इतिहासातला मोठा भाग असाच कागदावर न आलेला, तळघरांतल्या खोल्यांत आणि स्वयंपाकघरांत घडलेला असणार. त्या शुक्रवारी ज्यांची मुले गेली त्यांत जन्मदात्या आया होत्या, तशा या दुसऱ्या आयाही होत्या. त्यांच्या तळघरातल्या अंथरुणावरची चादर सकाळी उठून गेलेल्या मुलाने जशी चुरगाळून टाकली होती तशीच रात्रीही राहिली असेल. तिला हात लावायचा की नाही हे ठरवायला त्या बायांना किती दिवस लागले असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

एक गोष्ट मला अजूनही नीट लिहिता येत नाही. बाद फेरी सुरू झाली की हे खेळाडू एकजुटीची खूण म्हणून केस पिवळेधमक करून घेतात. त्या वर्षी ब्रॉन्कोजच्या मुलांनीही तसे केले होते. सगळ्यांची अंगलट सारखी, वये सारखी, केस सारखे, आणि चेहरे ओळखू येण्याच्या पलीकडे गेलेले. दोन मुलांची ओळख उलटसुलट झाली. एका घराला मुलगा गेल्याचे सांगितले गेले होते, तो जिवंत निघाला. दुसरे घर इस्पितळात ज्याच्या उशाशी बसून होते, तो त्यांचा नव्हता. हे उघड झाले तो दिवसही सोमवारच होता, मी स्टिक उचलली तोच. आपण सगळे एक आहोत हे दाखवण्यासाठी ज्यांनी केस रंगवले, त्यांना मृत्यूनेही एकमेकांपासून वेगळे ओळखू दिले नाही. या ठिकाणी माझा शब्द दर वेळी अडखळतो.

जुलैमध्ये ट्रकचालकावर आरोप ठेवले गेले आणि त्याचे नाव जाहीर झाले. तो पंजाबातून आलेला तरुण होता, नोकरीला लागून त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मिरजेहून आईचा फोन आला. "ड्रायव्हर आपल्याकडचा निघाला म्हणे गं," ती म्हणाली, आणि नंतर बराच वेळ दोघीही गप्प होतो. मला खरे लिहायचे आहे: ते नाव वाचताक्षणी माझ्या मनात गेलेल्या मुलांचे दुःख आले नाही, भीती आली. उद्या दुकानात, मुलाच्या शाळेत, बसथांब्यावर माझ्या रंगाकडे लोक कसे बघतील ही भीती. त्या भीतीची लाज मागाहून आली. शेजारी बागेत वाफ्यात वाकून काम करत होते. मी दोन दिवस त्यांची नजर चुकवली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच कुंपणावरून मुठभर वाटाण्याच्या शेंगा पुढे केल्या आणि मुलाची चौकशी केली. त्या विषयावर ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही, आणि ते न बोलणे टाळाटाळीचे नव्हते हे मला त्यांच्या हातावरून कळले.

पुढच्या जानेवारीत त्या चालकाने सगळे गुन्हे कबूल केले. मेलफर्ट गावातल्या सुनावणीत कितीतरी कुटुंबांनी त्याच्यासमोर उभे राहून आपले म्हणणे वाचून दाखवले. मागच्या ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती, तिच्याकडे त्याचे लक्ष लागले होते, असे न्यायालयापुढे आले. २२ मार्च २०१९ रोजी त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. कुणी आईबापांनी त्याला क्षमा केली, कुणाला ती करता आली नाही. मला दोन्ही समजते, आणि यांतले कोणते योग्य हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मात्र एवढ्या अवजड ट्रकवर एवढ्या थोड्या शिकवणीत माणूस बसू शकत होता, ही गोष्ट त्या चौकाइतकीच भयंकर होती असे माझे ठाम मत आहे. त्याच महिन्यात आमच्या सॅस्कॅचेवान प्रांताने अशा चालकांना किमान एकशे साडेएकवीस तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. त्याच चौकात १९९७ मध्येही एका अपघातात सहा जणांचे प्राण गेले होते. रस्ता तोच होता, खूणही तीच होती.

मला माझ्या आजोळच्या कबड्डी संघाची आठवण होते. दोन्ही मामा त्यात खेळत. ऊस उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रॉलीत बसून ही पोरे रात्री-अपरात्री जत्रांच्या सामन्यांना जात, पहाटे परत येत, आणि गावच्या वेशीपाशी ट्रॅक्टरचा आवाज आला की आजी उठून चूल पेटवायची. जिंकले की हरले हे ती कधीच विचारत नसे. ती पायताणे मोजायची. उंबऱ्याबाहेर चार पायताणे दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा. हम्बोल्टच्या बसची गोष्ट वाचताना मला वेळोवेळी दिसली ती आजी, अंधारात उंबऱ्यापाशी वाकलेली.

१२ सप्टेंबर २०१८ ला ब्रॉन्कोज पुन्हा बर्फावर उतरले. समोर निपाविन हॉक्सच होते. त्या बसमधून वाचलेले दोन खेळाडू त्या रात्री संघात होते, बाकी बहुतेक नवे. हा सामना मी शेजाऱ्यांच्या बैठकीत बसून पाहिला. माझे हॉकीचे ज्ञान बेताचे असल्यामुळे पक कुठे आहे हे मला निम्म्या वेळा दिसत नव्हते. ते मात्र खुर्चीच्या काठावर बसून, दोन्ही गुडघ्यांवर तळवे दाबून बघत होते. ब्रॉन्कोज एकाविरुद्ध दोन गोलांनी हरले. शेजाऱ्यांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, "हरले, हे बरं झालं. आता हा नुसता हॉकीचा संघ आहे." त्या वेळी मला हे वाक्य कठोर वाटले होते. सोळा जणांच्या सावलीत खेळायला आलेल्या त्या नव्या मुलांना साधे हरण्याचे स्वातंत्र्य मिळायला हवे होते, हे मला उशिरा कळले.

त्याच हिवाळ्यात ते मला आणि माझ्या मुलाला हम्बोल्टला सामना बघायला घेऊन गेले. वाटेत दोन्ही बाजूंना पांढऱ्याशिवाय रंग नव्हता आणि रस्त्यावरून हिमाच्या बारीक वाटा सापासारख्या सरपटत होत्या. गाव जवळ आल्यावर, कोठारे दिसू लागल्यावर, त्यांनी कधी न सांगितलेले सांगितले. सतराव्या वर्षी, संघ नवा असताना, ते इथे निवडीच्या शिबिराला आले होते. दहा दिवस एका घरी राहिले. अकराव्या दिवशी यादी लागली, तीत त्यांचे नाव नव्हते. ज्या बाईंकडे ते उतरले होते त्यांनी परतीच्या वाटेसाठी कागदी पिशवीत गरम पाव बांधून दिले आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. "हॉकीत मला पुढे काही करता आलं नाही," ते म्हणाले, "पण त्या पिशवीची ऊब मांडीवर अजून आहे." माझ्या मनात वार लावलेल्या घरची रताळी आली. मी ती गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना हे आधीच माहीत होते.

रिंकमध्ये शिरताच तो वास आला, जो मला आता कुठेही ओळखता येईल: ओले रबर, घाम, कॉफी, तळलेले बटाटे आणि या सगळ्याखाली बर्फाचा स्वतःचा असा धातूसारखा थंड वास. स्केटची पाती बर्फ कापतात तेव्हा जाड कापड फाडल्यासारखा आवाज येतो. हिरव्या-सोनेरी कपड्यांतली मुले गोल फिरत होती, तरुण, लालबुंद गालांची, एकमेकांच्या पाठीवर स्टिका आपटणारी. मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र संथपणे फिरू लागले तेव्हा लहान मुले काचेला नाक लावून उभी राहिली. माझा मुलगाही राहिला. आमच्या मागे बसलेल्या आजीबाईंनी त्याला न विचारताच लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून दिली. गावाने आपल्याला पाहुणे समजू नये असे मला आत कुठेतरी वाटत होते, आणि समजावे असेही वाटत होते. दोन्ही एकाच वेळी.

दर वर्षी सात एप्रिलला मुलाच्या शाळेत हिरवे सदरे घालतात. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी गेलेल्या लोगन बुले या एकवीस वर्षांच्या खेळाडूचे अवयव सहा जणांना मिळाले. आपल्या वाढदिवसानंतर दात्यांच्या यादीत नाव घालण्याचे त्याने स्वतः ठरवले होते. त्यानंतर देशभरात लाखाच्या वर लोकांनी आपली नावे नोंदवली. त्यांत माझेही आहे. अर्ज भरताना आईला सांगितले नव्हते, पुढे सांगितले. ती जरा वेळ थांबून म्हणाली, "बरं केलंस."

गेल्या हिवाळ्यात मी शेजाऱ्यांना त्या सोमवारबद्दल विचारले. ते गॅरेजमध्ये तीच स्टिक गुडघ्यांत धरून बसले होते, जुनी टेप सोलून नवी गुंडाळत. तुमची स्टिक मी उचलून आत ठेवली होती, त्याचे मला इतकी वर्षे वाईट वाटते आहे, असे मी म्हणाले. त्यांनी कपाळाला आठी घालून आठवून पाहिले. त्यांना ते मुळीच आठवत नव्हते. त्या आठवड्यातले आपल्याला फारसे काही आठवत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी काळ्या कापडी टेपचा गुंडा माझ्या हातात दिला. पात्याच्या टाचेपासून सुरू करायचे, टोकाकडे जायचे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे, म्हणजे बर्फाचे पाणी आत शिरत नाही. मी चार वेढे दिले. चौथ्यापाशी सुरकुती पडली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, सगळे वेढे उलगडले, आणि गुंडा पुन्हा माझ्याकडे दिला.